लहान कॉलेजात वाङ्मय मंडळ कसं चालवावं

जुलैत कॉलेजच्या सूचनाफलकावर एक कागद लागतो: 'वाङ्मय मंडळाच्या सदस्यत्वासाठी इच्छुकांनी नावे द्यावीत.' ऑगस्टमध्ये पाहुणे येतात, दीपप्रज्वलन होतं, फोटो निघतात. मग थेट २७ फेब्रुवारीपर्यंत मंडळाची कुणाला आठवण होत नाही. मी पुण्यातल्या एका लहान कॉलेजात मराठी शिकवते आणि पहिली तीन वर्षं आमचंही मंडळ असंच चाललं. चौथ्या वर्षी आम्ही उद्घाटन सोडून दिलं आणि दर पंधरा दिवसांनी एक बैठक, एवढंच घट्ट धरलं. तेव्हापासून मंडळात खंड पडलेला नाही. हे कसं जमवायचं ते क्रमाने सांगते. पुढाकार शिक्षकाने घेतला तरी चालेल, विद्यार्थ्यांनी घेतला तर फारच चांगलं.

आधी माणसं शोधा

वर्गात "कोण कोण लिहितं?" असं विचारलं की सगळे माना खाली घालतात. त्यापेक्षा ग्रंथपालांकडे जा. अभ्यासक्रमाबाहेरचं पुस्तक कोण नेतं हे त्यांना तोंडपाठ असतं. त्या मुलामुलींना एकेकटं गाठून बोला. कॉमर्स-सायन्सवाल्यांना वगळू नका. आमच्याकडे सगळ्यांत नेमाने येणारा मुलगा बी.कॉम.चा होता, दुपारनंतर औषधांच्या दुकानात काम करायचा.

सहा-सात जण जमले की पुरे. याच पुण्यात १९२३ मध्ये रविकिरण मंडळ उभं राहिलं ते रविवारी चहाला जमून एकमेकांना कविता वाचून दाखवणाऱ्या मूठभर कवींमधून. त्यातल्या माधव ज्यूलियन यांचं, म्हणजे माधवराव पटवर्धनांचं नाव आज महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या सभागृहाला आहे. कमी संख्येची लाज वाटली की मुलांना मी हे सांगते.

मग अर्ज

प्राचार्यांच्या नावे एक पानी अर्ज पुरतो. त्यात चारच गोष्टी मागा: एक खोली, ठरलेला वार आणि वेळ, एक काचेचा फलक किल्लीसह, आणि जबाबदार शिक्षकाचं नाव. पैसे पहिल्या अर्जात मागू नका.

वार ठरवताना मुलांची दिनचर्या बघा. शनिवारी बरीच मुलं गावी जातात. दुपारनंतर अनेक जण कामाला लागतात. आमची बैठक बुधवारी, शेवटचा तास सुटल्यावर लगेच, बरोबर ५० मिनिटं. घरी जाऊन कुणी परत येत नाही. परीक्षांचे आठवडे सोडले तर जुलै अखेर ते सप्टेंबर आणि जानेवारी ते फेब्रुवारी एवढाच मोकळा काळ हाती राहतो. त्यात आठ-नऊ बैठका बसतात. सगळ्या तारखा पहिल्याच दिवशी लिहून लावा.

पहिली बैठक

इथे सगळ्यांत जास्त जपायला हवं. पहिल्या दिवशी कुणालाही स्वतःचं लिखाण वाचायला लावू नका. प्रत्येकाने आपल्याला आवडलेलं, दुसऱ्या कुणाचं तरी, एक पान आणायचं आणि मोठ्याने वाचायचं. कविता, पत्र, वर्तमानपत्रातलं स्फुट, आजीने सांगितलेली ओवी, काहीही. वाचून झालं की "हेच का आणलंस?" एवढाच प्रश्न. उत्तर देताना मुलं नकळत स्वतःबद्दल बोलू लागतात, आणि तिसऱ्या बैठकीपर्यंत कुणीतरी दप्तरातून स्वतःची वही काढतंच.

ती वही निघाली की एक नियम कडक पाळा. वाचन संपल्यावर ऐकणाऱ्याने आधी लक्षात राहिलेली एक ओळ किंवा एक शब्द सांगायचा. त्यानंतर कुठे अडखळायला झालं ते. 'छान आहे' आणि 'जमलं नाही' ही दोन्ही वाक्यं बंद. ओळ सांगायची म्हणजे कान देऊन ऐकावं लागतं, आणि लिहिणाऱ्याला आपलं नेमकं काय पोचलं ते समजतं. शिक्षकाने सर्वांत शेवटी बोलावं. मी सुरुवातीला आधी बोलायचे, आणि मग सगळे माझंच म्हणणं वेगळ्या शब्दांत सांगायचे.

एक मुलगी पहिल्या सत्रभर फक्त ऐकत होती. तिची भाषा वऱ्हाडी, पुण्यात आल्यावर 'काहून' म्हटलं की मुलं हसायची म्हणून तिने बोलणंच कमी केलेलं. जानेवारीत तिने आईच्या तोंडचा एक प्रसंग त्याच बोलीत वाचला आणि वर्ग शांत झाला. पुढच्या बैठकीला तिघांनी आपापल्या गावची भाषा आणली. म्हणून सांगते, प्रमाणभाषेचा आग्रह बैठकीच्या दाराबाहेर ठेवा. घरी कन्नड किंवा हिंदी बोलणाऱ्या मुलांनाही त्यांच्या भाषेतलं वाचू द्या, अर्थ मराठीत सांगू द्या.

यातूनच आमची शब्दांची वही सुरू झाली. एक वस्तू घ्यायची आणि आपापल्या घरी तिला काय म्हणतात ते लिहायचं. लाल भोपळ्याला डांगर, काशीफळ, गंगाफळ. भाकरीबरोबरच्या पातळ भाजीला कुठे कालवण, कुठे कोरड्यास. शब्दापुढे गाव, तालुका आणि तो कुणाकडून ऐकला तेही लिहा.

दुसरी वही इतिवृत्ताची. तारीख, हजर असलेल्यांची नावं, कुणी काय वाचलं, एवढ्या चार ओळी आळीपाळीने एकेकाने लिहायच्या. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) अहवालाची वेळ आली की हीच वही कामी येते.

भित्तिपत्रक

छापील वार्षिक अंकाच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका, महिन्याला एक भित्तिपत्रक काढा. २२ × २८ इंची कार्डशीट, काळं पेन, शीर्षकासाठी एकच रंग. अक्षर दोन हातांवरून वाचता आलं पाहिजे, म्हणून मजकूर साधारण ४०० शब्दांच्या आत. प्रिंटपेक्षा हाताने लिहा, मुलं आपल्या मैत्रिणीचं अक्षर ओळखून थांबतात. फलक जिन्याच्या वळणावर मागा. ऑफिससमोरच्या फलकाकडे फी भरायला आलेलेच बघतात. खालच्या कोपऱ्यात पुढच्या अंकाची तारीख लिहा आणि त्या तारखेला अंक बदलाच.

मुद्रितशोधन दोघांनी वेगवेगळं करावं. मराठी शुद्धलेखनाचे १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४ असे १८ नियम आहेत, त्यांची एक प्रत वहीत चिकटवून ठेवा. निवेदनाला ते लावा, पात्राच्या तोंडची बोली मात्र आहे तशी राहू द्या. पुढे अंक छापायचा झाला तर मजकूर युनिकोडमध्ये द्या आणि डीटीपीवाल्याने तो त्याच्या फाँटमध्ये नेल्यावर पुन्हा वाचा. रफार आणि जोडाक्षरं तिथेच बिघडतात.

दुसऱ्याची कविता अंकात किंवा ऑनलाइन घेताना परवानगी लागते. कवीच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट कायम असतो. कॉलेजातच विद्यार्थी-शिक्षकांनी, फक्त विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांपुढे केलेल्या सादरीकरणाला कायद्यात सूट आहे. कवीचं नाव मात्र तेव्हाही घ्यावं.

दिवस आणि पाहुणे

२७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. राजभाषा दिन १ मे रोजी असतो. फलकावर ही गल्लत दरवर्षी दिसते. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, १४ ते २८ जानेवारी भाषा संवर्धन पंधरवडा. सगळे साजरे करू नका, दोन निवडा. पाहुणे बोलावलेच तर व्याख्यानाऐवजी बैठकीला बोलवा, मुलांचं वाचन ऐकू द्या. शाल-श्रीफळाच्या पैशांत एक पुस्तक येतं. तेच द्या.

वर्षातून एक सकाळ पायी फिरा. पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकातून सुरुवात, तिथून जवळच लक्ष्मी रस्त्यावर १८४८ साली सुरू झालेलं पुणे नगर वाचन मंदिर, मग टिळक रस्त्यावर १९०६ ची साहित्य परिषद. दोन्हीकडे आधी कळवून जा. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७८ मध्ये ग्रंथकारांना एकत्र बोलावलं तेही पुण्यातच, हे चालता चालता सांगता येतं.

पुढच्यांच्या हाती

बहुतेक मंडळं तिसऱ्या वर्षाची मुलं गेली की बंद पडतात. म्हणून जानेवारीतच दुसऱ्या वर्षाचे दोघं निवडा आणि उरलेल्या बैठका त्यांना चालवू द्या, जुने फक्त बसतील. फेब्रुवारीच्या शेवटच्या बैठकीत दोन्ही वह्या, फलकाची किल्ली आणि जुन्या भित्तिपत्रकांची गुंडाळी त्यांच्या हातात द्या. गुंडाळण्याआधी प्रत्येक अंकाचा फोटो काढून ठेवा. इतिवृत्ताच्या वहीत शेवटच्या भरलेल्या पानामागचं कोरं पान उघडा आणि जुलै अखेरच्या पहिल्या बैठकीच्या बुधवारची तारीख त्याच दिवशी त्यांच्याकडून लिहून घ्या.