सळईतला खड्डा शोधायला शिका: स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये येणाऱ्यांसाठी

खान्देशात स्ट्रक्चरल ऑडिटच्या, म्हणजे जुन्या बांधकामांची मजबुती तपासण्याच्या कामाला नव्याने लागलेली सिव्हिलची मुलं-मुली मला हमखास विचारतात, "सर, आपल्याकडे समुद्र कुठंय? मग क्लोराईडचं एवढं काय?" समुद्र नाही, खरंच. पण उन्हाळ्यात पांझरा-गिरणा आटल्या की बांधकामावर बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी येतं आणि त्यात क्लोराईड (मिठातला, सळई गंजवणारा घटक) किती आहे ते तपासून घेणारा विरळाच. "भाऊ, पाणी ते पाणी," म्हणत मिस्तरी मालात ओततो. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६:२००० नुसार सळई नसलेल्या काँक्रीटच्या पाण्यात लिटरमागे २००० मिलिग्रॅम क्लोराईड चालतं, सळई असेल तर फक्त ५००. त्यामुळे साइटवर गेलात की आधी पाणी कुठलं वापरलं होतं ते विचारा.

चांगल्या काँक्रीटचा पीएच साडेबाराच्या वर असतो आणि त्यात सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर टिकून राहतो. कार्बोनेशनने, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरून, पीएच उतरला की हा थर बऱ्याच लांबीवरून नाहीसा होतो, सळई सगळीकडून गंजते, कव्हर (सळईवरचं काँक्रीट) फुगतं, पोपडे पडतात. ते कुणालाही दिसतं. क्लोराईड मात्र थर एखाद्याच ठिकाणी फोडतं. तेवढा ठिपका अॅनोड (गंजणारी बाजू) होतो आणि शेजारची धड सळई कॅथोड (न गंजणारी बाजू), म्हणजे सगळा मारा त्या ठिपक्यावर. खड्ड्यात आम्लता वाढते, ती आणखी क्लोराईड ओढते आणि खड्डा खोल जात राहतो. आत ऑक्सिजन कमी असेल तर गंज काळा-हिरवट होतो आणि लाल गंजाइतका फुगत नाही. वर तडा नाही म्हणून आत सगळं ठीक, असं रिपोर्टात कधीच लिहू नका.

जुन्या टाकीचा कॉलम फोडलात तर हा काळा लगदा खड्ड्यात चिकटलेला सापडू शकतो. हवा लागली की तो तांबूस व्हायला लागतो, म्हणून फोटो लगेच काढा. मग तारेच्या ब्रशने सळई चकाकेपर्यंत घासा आणि कॅलिपर नेमका खड्ड्यावर लावा. १२ मिमीची सळई दोन सेंटिमीटर लांबीत ९ मिमी उरली असेल, तर तिथलं क्षेत्रफळ ११३ वरून ६४ चौरस मिमीवर आलेलं असतं. त्याच सळईचा मीटरभर तुकडा तोलला तर वजनात एक टक्काही घट दिसणार नाही! सरासरी काढणारा इंजिनिअर इथेच फसतो. शिवाय ताण आला की सगळं ताणणं त्या दोन सेंटिमीटरवर येतं. सळई फारशी लांबत नाही, तुटते. बीम आधी वाकून जी सूचना देतो, ती मिळेलच असं नाही. पुलांवर वाहनांच्या सततच्या ये-जा भाराने थकव्याची भेगही याच खड्ड्यातून सुरू होते.

हाफ-सेल टेस्ट, म्हणजे काँक्रीटवर इलेक्ट्रोड टेकवून आतल्या सळईचं व्होल्टेज मोजणं, शिकाच, पण तिचा अर्थही नीट शिका. कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली रीडिंग गेलं, तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. किती वेगाने चालू आहे, हे मात्र ती सांगत नाही. सुट्या आकड्यांपेक्षा नकाशा काढा. जिथे थोड्या अंतरात आकडा झपकन बदलतो, तिथे फोडून बघा. फिनॉल्फ्थॅलीन (पीएच दाखवणारं रसायन) गुलाबी झालं म्हणून निर्धास्त होऊ नका, त्याला क्लोराईड कळत नाही. त्यासाठी ड्रिलची पूड प्रयोगशाळेत पाठवावी लागते.

दुरुस्तीबद्दल मी सर्वांत आग्रही आहे. ठेकेदार पोपडा काढतो, पॉलिमर मॉर्टर भरतो, रंग देतो. पण गंजणारा तो ठिपका शेजारच्या सळईला आजवर वाचवत होता. तो बंद झाला आणि शेजारच्या काँक्रीटमध्ये क्लोराईड तसंच राहिलं, की पॅचच्या कडेला नवा अॅनोड तयार होतो. म्हणून क्लोराईड कुठवर पोचलंय ते आधी मोजून तेवढं काँक्रीट काढायला लावा, सळईच्या मागूनही, बोट फिरेल इतकं. जिथे ते जमत नाही तिथे पॅचच्या कडेने सळईऐवजी स्वतः गंजणारे जस्ताचे अॅनोड बसवायचा पर्याय मालकापुढे ठेवा आणि त्याचा खर्च इस्टिमेटमध्ये पहिल्याच दिवशी धरा.