पाटीवरचं 'दुद' : मुलांना लिहिता लिहिता अक्षरांचे आवाज कसे शिकवावेत

माझी नात पाच वर्षांची आहे. मागच्या महिन्यात बाजाराच्या यादीत तिनं आपल्या हातानं लिहिलं : 'पोए, दुद, केला'. तिन्ही शब्द चुकलेले, पण तिन्ही कानानं ऐकून लिहिलेले. मूल असं लिहू लागलं की अक्षराची आणि आवाजाची गाठ पडली म्हणायचं. आम्हा इंदूरच्या मराठी घरांत ही गाठ जपून बांधावी लागते. घरात मराठी, गल्लीत आणि शाळेत हिंदी, आणि लिपी दोन्हींची एकच!

सुरुवात कानापासून करा. पाटी देण्याआधी आठवडाभर नुसते खेळ. म, न, स, ल, र हे आवाज लांबवता येतात ('म्म्म... मामा'), म्हणून आधी तेच घ्या; क, ट, प मागून. शब्द टाळ्यांवर मोडा : मा-मा दोन टाळ्या, ब-टा-टा तीन.

मग ताटात रवा पसरा. जुनी धूळपाटीच ही. बोटानं मोठं अक्षर काढायचं आणि बोट फिरत असतानाच त्याचा आवाज मोठ्यानं म्हणायचा. नुसत्या गिरवण्यावर माझा विश्वास नाही. पानभर 'म' गिरवून झाल्यावर "हा कशातला?" विचारलं की गप्प होणारी मुलं मी पाहिली आहेत.

क, ख, ग, घ अशा ओळीनं जाऊ नका. र, म, न, क, ल, स आणि काना एवढं आलं की कान, नाक, मका, लाल, कमान, मामा, काका, नाना सगळं लिहिता येतं. मुलाला आपल्या माणसांची नावं लिहायला मिळतात, यासारखी गोडी दुसऱ्या कशात नाही.

आता लिहायला कारण द्या : बाजाराची यादी, डब्यांवरच्या चिठ्ठ्या, आजोबांना निरोप. "कसं लिहू?" विचारलं तर अक्षर सांगून टाकू नका. शब्द सावकाश म्हणायला लावा आणि विचारा, "आधी काय ऐकू आलं?"

'दुद'वर मी फुली मारली नाही. तिला तळहात तोंडासमोर धरायला सांगितला आणि म्हटलं, "म्हण, दुधात साखर." तिनं म्हटलं, थांबली, पुन्हा म्हटलं. "आजी, हाताला वारा लागला! हा द नाहीये." आणि तिनंच पुसून ध काढला. शब्दाच्या शेवटी असलेले ध, ख, ठ बोलताना दबतात; प्रत्यय लावला की स्पष्ट होतात. दु ऱ्हस्वच राहिला, तो मी राहू दिला. ऱ्हस्व-दीर्घाची घाई या वयात नको.

'केला' मात्र हिंदीच्या सवयीतून आलं. हिंदीच्या वर्णमालेत ळ नाही, म्हणून त्याला वेगळा वेळ द्या. जीभ मागे वळवून टाळूला लावायची, आणि जोड्या म्हणायच्या : काल-काळ, वेल-वेळ. ण आणि न यांचंही तसंच. 'पानी' लिहिलं तर आधी 'पाणी' नीट म्हणवून घ्या.

च आणि ज यांचे मराठीत दोन-दोन आवाज आहेत. चाक आणि चार, जहाज आणि जेवण. हे मुलाला सरळ सांगावं, नाहीतर ते आपलंच चुकलं समजतं.

पहिल्या वेलांटीशी बहुतेक मुलं अडखळतात. 'दिवा'मध्ये द आधी ऐकू येतो, पण वेलांटी दिसते त्याच्या डावीकडे. म्हणून आधी द लिहू द्या, वेलांटी नंतर.

बाहेर पडलात की पाट्या वाचा. 'राजवाड़ा' वाचताना नातीनं ड खालच्या टिंबाचं कारण विचारलं. हिंदीत ते देतात, आपण देत नाही, एवढं सांगितलं की पुरतं.

रोज दहा मिनिटं, कंटाळायच्या आत थांबायचं. आणि यादीचे कागद तारीख घालून ठेवा. परवाच्या यादीत 'केळ' आलं आहे. अनुस्वार अजून यायचाय.