पिंट्याला पहिला घास भरवताना

इंग्लंडमध्ये रेडिंगला आमच्या घरी कॉर्न स्नेक या बिनविषारी पाळीव सापाचं पिल्लू आलं तेव्हा ते पेन्सिलीएवढं जाड होतं. नाव पिंट्या. (हे वाचून भारतात धामण, दिवड असे तिथले साप घरात ठेवू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे.)

आणल्यावर पाच-सात दिवस त्याला हात लावू नका, रुळू द्या. मग गोठवलेली ‘पिंकी’ द्या, म्हणजे केस न फुटलेलं उंदराचं पिल्लू. ते सापाच्या सर्वांत जाड भागाएवढं किंवा किंचित जाड असावं. आठवड्याला एक पुरतं. फ्रीजरमध्ये डबा वेगळा ठेवा. आमच्या आईंनी त्याच अटीवर होकार दिला.

पिंकी रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. सकाळी बंद पिशवीत घालून कोमट पाण्यात बुडवा. मायक्रोवेव्ह नको, आतून शिजते. बोटांनी दाबून बघा, मधे गार गोळी लागली तर अजून थांबा. मग कोरडी करून लांब चिमट्यानं नाकासमोर हळूच हलवा. पिंट्याची जीभ भराभर लवलवते, मान इंग्रजी एससारखी वळते आणि झडप! बोटं लांबच ठेवा.

डोळे दुधाळ निळसर दिसले तर कात टाकायची वेळ आहे, आग्रह करू नका.

खाल्ल्यावर ४८ तास उचलायचं नाही. मी दुसऱ्याच दिवशी उचललं आणि त्यानं सगळं ओकून टाकलं. फार वाईट वाटलं. असं झालं तर दहा-चौदा दिवस उपास, पाणी मात्र ताजं, नि पुढची पिंकी लहान. पुन्हा ओकला तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या.