दोन दारांची गाडी घेताय? आधी दार मोजा

आमच्या वाड्याच्या देवडीत गाडीला जागा आहे ११ फूट लांब आणि ७ फूट २ इंच रुंद. बडोद्याच्या दांडिया बाजारात एवढी मिळाली तरी नशीबच, पण तिच्यात ऑल्टोसुद्धा मावत नाही. ऑल्टो के१० ची लांबी ३५३० मिलिमीटर, म्हणजे साडेअकरा फुटांच्या वर. माझा उजवा खांदा आखडला आणि ॲक्टिव्हा सुटली. मकरपुरा औद्योगिक वसाहतीतली हिशेब लिहायची नोकरी मात्र सुटायला अजून सहा वर्षं आहेत. जायचे आठ किलोमीटर, यायचे आठ. तेव्हा दोन दारांची गाडी बघू म्हटलं, आणि चार महिने तेच केलं.

दोन दारांची गाडी अरुंद असते, असं मी धरून चालले होते. ती अरुंद नसते, आखूड असते. सध्या नवी आणि सहज मिळणारी दोन दारांची स्वस्त गाडी म्हणजे एमजी कॉमेट, विजेवर चालणारी. लांबी २९७४ मिलिमीटर, रुंदी १५०५. ऑल्टोची रुंदी १४९०. म्हणजे कॉमेट ऑल्टोपेक्षा अर्ध्या मीटरहून जास्त आखूड, आणि रुंदीला उलट दीड सेंटीमीटर जास्तच! तुमची अडचण लांबीची असेल तर ही गाडी तुमच्यासाठी. गल्लीच अरुंद असेल तर दोन दारांनी काही फायदा नाही, उलट तोटा आहे. कारण मागच्या माणसालाही पुढच्याच दारातून जायचं असतं, म्हणून ते दार लांब करावं लागतं. लांब दार उघडायला बाजूला जास्त मोकळी जागा हवी.

म्हणून शोरूमला जाताना टेप घेऊन जा. दार पूर्ण उघडून मोजू नका, घरी ते पूर्ण उघडणारच नाही. दार उघडताना मध्ये एका जागी अडखळून थांबतं, तिथे थांबवा आणि गाडीच्या अंगापासून दाराच्या बाहेरच्या टोकापर्यंत मोजा. मग तेवढ्याच फटीतून उतरून बघा. रोज नेता ती पर्स खांद्याला, डबा हातात, आणि साडी नेसत असाल तर साडी नेसून. घरी येऊन मी देवडीत खडूने गाडीएवढा चौकोन आखला आणि दाराच्या जागी कपडे वाळत घालायचा स्टँड उभा केला. सासरे, म्हणजे आमचे नाना, ओट्यावरून बघत होते. म्हणाले, "सूनबाई, दिवाळीला अवकाश आहे अजून."

रांगोळीचा निकाल असा: गाडी डाव्या भिंतीला वीतभर अंतर ठेवून लावली तर माझ्या बाजूला जेमतेम दीड फूट उरतो. मी उतरू शकते. डावीकडे बसलेला माणूस मात्र देवडीबाहेरच उतरला पाहिजे. तुमच्याकडे दोन्ही बाजूंना भिंत असेल आणि रुंदी सात फुटांच्या आत असेल, तर दोन दारांचा विचार तिथेच सोडा.

आता मागची सीट. शोरूममधला मुलगा म्हणाला, "मासी, पाछळ बे जण आरामथी बेसशे." म्हणजे मागे दोघं आरामात बसतील. मी त्यालाच बसायला सांगितलं. बसला बिचारा, उतरताना त्याचा एक बूट सीटखाली राहिला. पुढची सीट पुढे सरकवायची, वाकायचं, आधी पाय की आधी डोकं हे ठरवायचं, मग आत. तरुण माणसाला काही नाही. नाना ८१ वर्षांचे आहेत आणि त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात. ते मागे जाणारच नाहीत, पुढेच बसणार. म्हणजे तिसरं माणूस असेल तर मागे त्याने जायचं. माझा मुलगा सुट्टीत येतो तेव्हा तो चालवतो आणि मागे मी जाते. वर्षातून पंधरा दिवस चालतं तेवढं. पण तुमच्याकडे रोज शाळेत सोडायचं लहान मूल असेल, त्याला मागे बसवून पट्टा लावायचा असेल, तर चार दारांचीच घ्या. वाकून वाकून कंबर जाईल. लग्नकार्याला सगळे मावतील का, हे मनात आणूच नका. त्या दिवशी रिक्षा करा. आठवड्यात मागच्या सीटवर किती वेळा कोण बसतं, एवढंच कागदावर लिहा. माझ्या कागदावर शून्य आलं.

सामानाचंही तसंच. कॉमेटला डिकी म्हणावी अशी जागा नाही, मागची सीट पाडली की तीच डिकी. खंडेराव मार्केटमधून आठवड्याची भाजी आणायला ती भरपूर होते.

आणखी एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. दार लांब म्हणजे सीट बेल्टचा खांबही मागे. चारदारी गाडीत पट्टा खांद्याशेजारी लोंबत असतो, इथे मागे हात घालून शोधावा लागतो. आपल्याकडे चालकाचा पट्टा उजवीकडून येतो आणि माझा नेमका उजवा खांदा आखडलेला. पहिल्या दिवशी मी गाडी न चालवता नुसता पट्टा दहा वेळा ओढून लावला. चौथ्या वेळेनंतर कळलं की डाव्या हाताने ओढला तर जमतं. पन्नाशीपुढच्या प्रत्येकाने हे करून बघावं, चक्कर मारण्याच्या आधी.

जुनी घ्यायची म्हटलं तर यादी छोटी आहे. नॅनो दोन दारांची होती असं सांगणारे मला निदान पाच जण भेटले. तिला चार दारं होती! दोन दारांची होती ती विजेवरची रेवा, २००१ ची, आणि तिच्याच घराण्यातली महिंद्रा ई२ओ, २०१३ ची. पुढे ई२ओ प्लस आली तिला चार दारं. मारुतीनेही २००३ मध्ये झेन कार्बन आणि झेन स्टील अशा दोन दारांच्या मोजक्या गाड्या काढल्या होत्या. दिसायला गोड, पण ती हौशी लोकांची खेळणी. दाराची काच किंवा रबर गेलं तर चारदारी झेनचं बसत नाही. पेट्रोल गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते, तेही आलंच. जुन्या विजेच्या गाडीत बॅटरी हाच खरा खर्च. ती किती उरली आहे ते समजायचं तर पूर्ण चार्ज करून आपल्या रोजच्या रस्त्यावर दोन दिवस चालवू द्या म्हणावं. नाही म्हणाला तर उठावं.

आणि बडोद्यात जुनी गाडी घेताना पुराची तपासणी केल्याशिवाय पैसे काढू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. धुऊन पुसून त्या पुन्हा बाजारात येतात. एका दलालाने मला ई२ओ दाखवली, आतून चकाचक, अत्तराचा वास. मी सीट बेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची रेघ होती. गालिचा उचलून बघा, सीटखालचे बोल्ट गंजलेत का बघा, आणि अत्तर जरा जास्तच वाटलं तर का ते विचारा.

नवी घेणार असाल तर शोरूमच्या आधी घरचा वीजमीटर बघा. कॉमेटची बॅटरी १७.३ युनिटांची, सोबतचा साधा चार्जर ३.३ किलोवॉटचा, रिकामी बॅटरी भरायला साधारण सात तास. त्याला १६ अँपियरचा स्वतंत्र पॉइंट, वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग लागतं. आमच्या वाड्याची वायरिंग आजेसासऱ्यांच्या वेळची. इलेक्ट्रिशियनने अर्थिंग तपासलं आणि नुसतं हसला. नवीन वायर ओढून घेतली, एमजीव्हीसीएलकडे, म्हणजे वीज कंपनीकडे, मंजूर लोड वाढवायचा अर्ज केला, मगच गाडीचे पैसे भरले. खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड सोडून चार्ज करणारे लोक आमच्या गल्लीत आहेत. तसं करू नका.

कंपनी एका चार्जमध्ये २३० किलोमीटर सांगते. एसी लावून, लालबागच्या बाजूच्या गर्दीत, तेवढे मिळणार नाहीत. मी १६० धरूनच हिशेब केला. मला दिवसाला सोळाच लागतात, म्हणजे आठवड्यातून एकदा चार्ज केली की पुरे.

पैशांचं बोलायचं तर महिन्याला माझे ४०० किलोमीटर होतात. पेट्रोल ९५ रुपये आणि लिटरला १६ चा ॲव्हरेज धरला तर २,३७५ रुपये. वीज आठ रुपये युनिट आणि शंभर किलोमीटरला १२ युनिट धरली तर ३८४. महिन्याला दोन हजार वाचतात. पण एवढ्या कमी धावेला नुसत्या बचतीवर नव्या गाडीची किंमत वसूल होत नाही, हे मी हिशेबनीस म्हणून सांगते. मी ती घेतली ती ११ फुटांसाठी. २०२४ मध्ये बॅटरी भाड्याने घ्यायची योजना आली, सुरुवातीला ४.९९ लाख आणि किलोमीटरला अडीच रुपये. ऐकायला छान. त्यात महिन्याला किमान किलोमीटरची अट आहे का, हे लेखी मागा. समजा १५०० ची असेल, तर ४०० चालवूनही ३,७५० भरावे लागतील.

गाडी इथून जवळच हालोलला बनते म्हणून बडोद्यात स्वस्त मिळेल, असंही नाही. मी विचारून पाहिलं. शोरूमवाले हसले.

१२ इंची चाकं खड्ड्यात आदळतात, तेव्हा पावसाळ्यात वेग कमी. विम्यात पाण्याने बॅटरीचं नुकसान झालं तर भरपाई मिळते का, ते पॉलिसीत वाचा, एजंटच्या तोंडून नको. अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या बोगद्यात, पाणी साचलं असेल तर परत फिरा. नानांच्या गुडघ्यांचे डॉक्टर तिकडेच आहेत, पण पावसात आम्ही तारीख पुढे ढकलतो.

नाना आता गल्लीतच उतरतात, डावा आरसा बाहेरून दुमडतात आणि मग मला आत यायची खूण करतात. ते नसले की मी आरसा विसरते. भिंतीचा चुना त्याला दोनदा लागलाय.