'वोल्नी' या शब्दाने मला काय शिकवले: इंग्रजीतून पोलिशमध्ये अनुवाद करू पाहणाऱ्यांसाठी

पोलिश भाषेत बी-१, म्हणजे मध्यम, पातळीपर्यंत पोहोचून आता अनुवादाची लहानसहान कामे घेऊ पाहणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी मी हे लिहीत आहे. सात विभक्ती, तीन लिंगे आणि क्रियापदांच्या पूर्ण-अपूर्ण जोड्या तुम्हाला ठाऊक आहेत असे गृहीत धरते, कारण त्या मला ज्यांनी शिकवल्या त्यांनी माझ्यापेक्षा चांगल्या शिकवल्या होत्या. आधी एक कडू गोष्ट सांगून टाकते. अनुवादकाने शक्यतो आपल्या मातृभाषेतच अनुवाद करावा असा या व्यवसायात संकेत आहे, आणि पोलंडमधल्या व्रोत्स्वाफ शहरात पाच वर्षे काढल्यावरही मला तो योग्यच वाटतो. तरीही आपल्यासारख्यांच्या वाट्याला हे काम येते. ते बहुधा लोकलायझेशनचे असते, म्हणजे ॲपमधली बटणे, सूचना, याद्या आणि त्यांचा पहिला खर्डा. शेवटचा हात पोलिश संपादकाचा असतो. तो हात नसेल तर ते काम घेऊ नका, पैसे कितीही चांगले मिळत असले तरी.

माझी फजिती झाली ती 'फ्री' या शब्दापायी. छोट्या अतिथीगृहांच्या आरक्षणाचे एक ॲप होते आणि त्यातल्या सोयीसुविधांची यादी पोलिशमध्ये आणायची होती. वाय-फाय फ्री, पार्किंग फ्री, एवढेच ते. शब्दकोशात पहिलाच अर्थ 'वोल्नी' असा होता. शिवाय तो शब्द मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला होता. झाकोपाने या डोंगराळ पर्यटनगावाच्या रस्त्यावर घराघरापुढे 'वोल्ने पोकोये', म्हणजे 'खोल्या मोकळ्या आहेत', अशा पाट्या दिसतात, आणि संग्रहालयांत आठवड्यातून एक दिवस कायमस्वरूपी दालने विनाशुल्क असतात त्या दिवशी दारावर 'फ्स्तेम्प वोल्नी', म्हणजे 'प्रवेश विनामूल्य', असे लिहिलेले असते. या पाट्यांच्या भरवशावर मी 'वोल्ने वाय-फाय' आणि 'वोल्नी पार्किंग' असे लिहून फाइल पाठवून दिली. संध्याकाळी संपादिकाबाईंचे उत्तर आले. त्यांनी माझ्या दोन्ही ओळी पिवळ्या केल्या होत्या आणि पहिल्या ओळीसमोर लिहिले होते, "पाहुण्यांना इंटरनेट हळू चालते हे आपण आधीच सांगून टाकायचे आहे का?"

'वोल्नी' या पोलिश शब्दाचा एक अर्थ 'मोकळा' आणि दुसरा 'हळू' असा आहे. रेल्वेची गती, स्वयंपाकाची आच, इंटरनेटचा वेग अशा गोष्टींना हे विशेषण लागले की पोलिश वाचकाच्या मनात दुसरा अर्थ आधी येतो. पाककृतीत 'ना वोल्निम ओग्नू' असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ 'मंद आचेवर' असा होतो. तोच शब्द सुट्टीच्या दिवसाला लागतो, मुक्त बाजारपेठेला लागतो आणि सरकारी अर्जात वैवाहिक स्थितीच्या रकान्यात 'स्तान वोल्नी', म्हणजे विवाहबंधनात नसलेला, असाही येतो. त्याचे क्रियाविशेषण 'वोल्नो' तर आणखी फसवे आहे, कारण त्याचा अर्थ 'हळूहळू' असाही होतो आणि 'परवानगी आहे' असाही होतो. पार्किंगच्या ओळीत झालेली चूक मला संपादिकाबाईंनी समजावून सांगेपर्यंत कळलीच नव्हती. 'वोल्नी पार्किंग' वाचून माणूस समजतो की जागा रिकामी आहे. गाडी लावायला पैसे पडणार नाहीत असे त्याला त्यातून कळत नाही, आणि भरलेल्या अंगणात गाडी घेऊन पोहोचलेला पाहुणा मग तक्रार करतो. मला हवे असलेले दोन शब्द वेगळेच होते: 'दार्मोवी' आणि 'बेस्प्वात्नी'. या दोघांत जो फरक आहे तो मराठी माणसाला सांगावा लागत नाही, कारण आपल्याकडे 'फुकट' आणि 'विनामूल्य' या शब्दांत नेमका तोच फरक आहे. पहिला बोलण्यातला आणि जाहिरातीतला, दुसरा सूचनाफलकावरचा आणि करारातला.

माझ्या चुकीचे मूळ कुठे होते ते नीट पाहा, कारण हाच सापळा तुम्हालाही लागणार आहे. इंग्रजी शब्दाचे अनेक अर्थ असतात हे मला ठाऊक होते आणि त्यातला योग्य अर्थ मी ओळखलाही होता. पैसे पडत नाहीत, हाच तो अर्थ. मग त्या अर्थासाठी पोलिश शब्द निवडला, आणि संग्रहालयाच्या दारावर त्या शब्दाचा अर्थ खरोखरच तसा होता. एवढे झाल्यावर मी थांबले. जो पोलिश शब्द मी उचलला त्यालाही स्वतःचे अनेक अर्थ आहेत, आणि 'प्रवेश' या नामाशेजारी जो अर्थ टिकतो तो 'इंटरनेट' या नामाशेजारी टिकत नाही, ही तपासणी मी केलीच नाही. आपण इंग्रजीच्या अंगाने अर्थ उलगडतो आणि पोलिशच्या अंगाने पुन्हा गुंडाळायला विसरतो. त्या दिवसापासून मी प्रत्येक शब्द उलट दिशेने वाचते. इंग्रजी ओळ झाकून ठेवते, फक्त पोलिश ओळ समोर ठेवते आणि मराठीत तिचे जितके अर्थ निघतील तितके काढते. दोन निघाले आणि त्यातला एक गैरसोयीचा असला की शब्द बदलते. याला वेळ लागतो, आणि पहिल्या वर्षी तर अर्ध्या पानाला अख्खी दुपार लागत असे. तो वेळ वाया गेला असे समजू नका. तुमचा हात पुढे आपोआप चालू लागतो.

अर्थांची फोड करताना मराठीचा आधार घ्या, असे मी आग्रहाने सांगते, कारण आपण पोलिश शिकतो ते इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकांवर आणि त्यामुळे इंग्रजीची गरिबीही आपल्याकडे चालत येते. इंग्रजीत जाणण्यासाठी 'नो' (know) या एकाच क्रियापदाने सगळे भागते. पोलिशमध्ये तथ्य माहीत असेल तर 'व्येजेच', माणसाशी किंवा गावाशी ओळख असेल तर 'झ्नाच' आणि एखादी कला अंगी असेल तर 'उम्येच' येते. पोलिश शिकणारे इंग्रज आणि अमेरिकन विद्यार्थी या तिघांपुढे महिनोन्महिने अडखळताना मी वर्गात पाहिले आहेत. आपल्याला मात्र ते फुकट मिळालेले आहे: मला माहीत आहे, मी त्याला ओळखते, मला पोहता येते. पूर्ण-अपूर्ण जोड्यांचेही तसेच आहे. 'चिताच' आणि 'प्शेचिताच' यांतला फरक मला एका मोठ्या तक्त्यावरून कळला नाही, तो 'वाचणे' आणि 'वाचून काढणे' यांवरून कळला.

पण मराठीवरही आंधळा विश्वास ठेवू नका. आपण 'मला पोलिश येते' म्हणतो म्हणून तिथे 'उम्येच' लावावेसे वाटते, पण भाषेच्या बाबतीत पोलिश माणूस 'झ्नाच' वापरतो, जणू भाषेशी ओळख असते. 'जाणे' या क्रियापदाने तर मला कित्येक दिवस हसे करून घ्यायला लावले. पायी जायचे तर 'इश्च', वाहनाने जायचे तर 'येखाच', आणि नेहमीचे जाणे-येणे असेल तर दोन्हींची वेगळी रूपे. मी मैत्रिणींना आत्मविश्वासाने सांगितले की शनिवारी मी वॉर्सोला जाणार आहे, आणि क्रियापद वापरले ते पायी जाण्याचे. सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा तो प्रवास मी कोणत्या बुटांनी करणार, याची चौकशी त्या अजूनही करतात. इथे मराठीही गप्प आणि इंग्रजीही गप्प, म्हणून मूळ मजकुरात वाहन कुठे आहे ते शोधावेच लागते. सापडले नाही तर ग्राहकाला विचारा.

विचारण्याची लाज सर्वांत घातक असते ती एकट्या शब्दांच्या बाबतीत. ॲपच्या फाइलमध्ये नुसते 'ओपन' असते. ते बटण असेल तर 'ओत्फुश', म्हणजे 'उघडा' अशी आज्ञा. पण दुकान उघडे असल्याची ती खूण असेल तर विशेषण लागते आणि मग ते पुल्लिंगी, स्त्रीलिंगी की नपुंसकलिंगी हे ठरवल्याशिवाय लिहिताच येत नाही. 'सेव्ह' हे फाइलसाठी एक, पैशांसाठी दुसरे आणि बुडणाऱ्या माणसासाठी तिसरे क्रियापद आहे. 'ऑर्डर' म्हणजे मागणी, क्रम, शिस्त किंवा हुकूम, आणि पोलिशमध्ये जसाच्या तसा लिहिला तर छातीवर लावायचे मानचिन्ह. पडद्याचे चित्र मागून घ्या. "एवढ्याशा शब्दाला चित्र कशाला?" असे म्हणणारे प्रकल्प व्यवस्थापक भेटतील, त्यांना ऐकून न ऐकल्यासारखे करा. मजकुरात आकड्याची जागा रिकामी सोडलेली असेल तर अधिकच जपा. फाइल एक असेल तर 'प्लिक', दोन ते चार असतील तर 'प्लिकी', पाचपासून एकवीसपर्यंत 'प्लिकुफ' आणि बाविसाव्याला पुन्हा 'प्लिकी'. एकवचन आणि अनेकवचन एवढेच दोन रकाने देणारी फाइल सरळ परत पाठवा.

यंत्रानुवादाबद्दल माझे मत वर्षागणिक बदलत गेले आहे. पूर्ण वाक्य दिले तर यंत्र आता 'फ्री'चा अर्थ बहुतेक वेळा बरोबर ओळखते, हे मान्य करायलाच हवे. एकटा शब्द दिला की तेही तुमच्यासारखाच अंदाज करते, फक्त घाबरत नाही. नवख्यांनी पहिले वर्षभर त्याच्यापासून दूर राहावे असे मला वाटते, कारण तयार उत्तर समोर आले की उलट वाचण्याची सवय लागतच नाही. त्याऐवजी पोलिश विज्ञान अकादमीचा ऑनलाइन मोठा पोलिश शब्दकोश उघडा. त्यात एकेक अर्थ वेगळा करून दिलेला असतो आणि तो शब्द कोणत्या शब्दांच्या शेजारी बसतो तेही दिलेले असते. पोलिश भाषेचा राष्ट्रीय कॉर्पस, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या मजकुरांचा संग्रह, 150 कोटींहून अधिक शब्दांचा आहे आणि त्यात शोध विनामूल्य घेता येतो. फाइल पाठवण्याआधी मी तिथे 'वोल्नी'च्या पुढे 'इंटरनेट' टाकून पाहिले असते तर पुढचे सगळे टळले असते. मार्गदर्शकांविषयीही थोडे सांगते. नुसते चुकीवर फुली मारून बरोबर शब्द लिहून देणारा मार्गदर्शक कितीही नावाजलेला असला तरी त्याच्याकडून शिकायला मिळत नाही. माझ्या पहिल्या कामात तसेच एक गृहस्थ होते आणि त्यांनी दुरुस्त केलेल्या चुका मी सहा महिन्यांनी पुन्हा केल्या. संपादिकाबाईंचा तो एक खोचक प्रश्न मात्र मला अजून पाठ आहे.

सारख्या दिसणाऱ्या शब्दांच्या याद्या सगळीकडे मिळतात, त्यामुळे त्यावर रेंगाळत नाही. अन्नातल्या 'प्रिझर्व्हेटिव्ह'ला पोलिशमध्ये 'कोन्सेर्वान्त' म्हणतात. इंग्रजी शब्दाला पोलिश शेपूट लावून 'प्रेझेर्वातिवा' केलात तर लोणच्यात निरोध घातल्याचे जाहीर होईल. 'आक्तुआल्न्ये'चा अर्थ 'सध्या' आणि 'एवेन्तुआल्न्ये'चा अर्थ 'गरज पडल्यास' असा आहे, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

आता हे सगळे कळल्यावरही चुका होतात का, तर होतात. मी मूळची कोल्हापूरची असल्यामुळे गेल्या वर्षी कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावावरचा एक छोटा इंग्रजी मजकूर माझ्याकडे आला. दुसऱ्या महायुद्धात, 1943 ते 1948 या काळात, सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित तिथे राहिले होते, आणि आमच्याकडे आजही तो 'वळिवडे कॅम्प'च आहे. मूळ मजकुरातही 'कॅम्प' हाच शब्द होता. मी 'ओबुस' लिहिले. शब्दकोशात पाहिले, उलट वाचले, छावणी, शिबिर आणि राजकीय गोट असे अर्थ निघाले, त्यातला एकही गैरसोयीचा वाटला नाही आणि मी निर्धास्त झाले. संपादिकाबाईंनी सगळीकडे खोडून 'ओश्येद्ले', म्हणजे 'वसाहत', असे केले आणि या वेळी प्रश्न विचारला नाही, कारण सांगितले. तिथे येण्यापूर्वी यातले अनेक जण सोव्हिएत श्रमछावण्यांतून आणि हद्दपारीतून गेले होते, आणि युद्धाच्या संदर्भात 'ओबुस' म्हटले की पोलिश वाचकाला त्या आणि नाझींच्या छावण्या आठवतात. वळिवड्याला तिथे राहिलेली माणसे स्वतः 'ओश्येद्ले' म्हणत. मी त्या सगळ्या जागा पुन्हा वाचल्या, फक्त विभक्तीची रूपे जुळवली आणि फाइल परत पाठवली.