पुढच्या टर्बो गाडीची पॉवर किती? अंदाज बांधायची माझी रीत

भाचा दर पंधरवड्याला मला एक आकडा पाठवतो. गेल्या रविवारी पोहे खात असताना आलेला आकडा होता ८५०. "मामा, पोर्शच्या पुढच्या ९११ जीटी२ आरएसला ८५०! पक्की बातमी." मी विचारलं, "८५० काय? आणि किती आरपीएमला, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्यांना?" त्यावर नुसता डोळे फिरवणारा इमोजी आला.

पुण्यात इंजिन टेस्ट बेडवर माझी २२ वर्षं गेली. तिथे आमच्या हाताखालून गेली ती साधी, पोटापाण्याची इंजिनं. पोर्शं मी फक्त कागदावर सोडवतो. पण टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप, म्हटलं की हिशोब सगळीकडे सारखाच. कंपनी तोंड उघडायच्या आधी कागद-पेन्सिल घेऊन बऱ्यापैकी जवळ जाता येतं. कसं, ते सांगतो.

आधी एकक बघा. हे सांगताना मलाच लाज वाटते, पण निम्मी भांडणं इथेच मिटतात. पीएस म्हणजे युरोपातली हॉर्सपॉवर, अमेरिकी हॉर्सपॉवरपेक्षा जराशी लहान. २०२० ची ९११ टर्बो एस ६५० पीएसची होती. अमेरिकेत तीच गाडी ६४० हॉर्सपॉवरची म्हणून विकली गेली. २०२५ ची नवी टर्बो एस ७११ पीएसची, म्हणजे अमेरिकी ७०१. भाच्याने जुना आकडा अमेरिकेतून उचलला, नवा जर्मनीतून, आणि "७१ ने वाढली" म्हणून जाहीर केलं. वाढ ६१ ची आहे. दहा पीएस याने घरबसल्या तयार केले! बाजारपेठही बघा. टोयोटाची जीआर यारिस २०२४ मध्ये सुधारली तेव्हा जपानमध्ये २७२ वरून ३०४ पीएस झाली, युरोपात २६१ वरून २८०. कुठल्या देशाची बातमी वाचतोय हे कळल्याशिवाय वजाबाकी करू नये.

हायब्रिड, म्हणजे इंजिनाला इलेक्ट्रिक मोटरची जोड, असेल तर आणखी एक प्रश्न विचारायचा: आकडा इंजिनाचा की सगळ्याचा मिळून? नव्या ९११ जीटीएसचे ५४१ पीएस एकूण आहेत, नुसत्या इंजिनाचे ४८५.

मग घराण्याचा इतिहास काढा. आपल्याकडे थोरल्याचे कपडे धाकट्याला येतात ना, पोर्शमध्ये तसंच चालतं. ९११ मध्ये सगळ्यात साधी करेरा, तिच्यावर करेरा एस, तिच्यावर जीटीएस. ९९१ आणि ९९२ ही ९११ च्या पिढ्यांची नावं, आणि प्रत्येक पिढी मध्येच एकदा सुधारतात, ती दुसरी फेरी. ९९१ च्या दुसऱ्या फेरीत जीटीएसला ४५० पीएस होते. पुढच्या पिढीत, म्हणजे ९९२ मध्ये, करेरा एसला बरोब्बर ४५० मिळाले. ९९२ च्या पहिल्या फेरीत जीटीएस ४८० ची, आणि दुसऱ्या फेरीत करेरा एस ४८० ची. साध्या करेराला तर जुन्या जीटीएसचे टर्बोचार्जरच मिळाले, तरी तिची वाढ ३८५ वरून ३९४, म्हणजे फक्त नऊ. धाकट्याला थोरल्याच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, हा तिथला शिरस्ता. म्हणून बेस मॉडेलच्या "पन्नास पीएसने वाढणार" छाप बातम्या मी वाचतही नाही. आता मात्र जीटीएस हायब्रिड झाली आहे. तिचे ५४१ पुढच्या करेरा एसला जसेच्या तसे मिळतील यावर मी पैसे लावणार नाही.

आता खरं काम. टॉर्क म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर. एक सूत्र पाठ करा: टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये घ्या, आरपीएमने गुणा, ७,०२३ ने भागा, उत्तर पीएसमध्ये. उलटं केलं की पॉवरवरून त्या आरपीएमचा टॉर्क निघतो. २०२० ची टर्बो एस ६,७५० आरपीएमला ६५० पीएस द्यायची, म्हणजे तिथे टॉर्क होता साधारण ६७६. तिचा सर्वोच्च टॉर्क मात्र ८००, आणि तो ४,००० आरपीएमपर्यंतच टिकायचा. पुढे उतरण.

नव्या टर्बो एसचा सर्वोच्च टॉर्क किती? पुन्हा ८००! पण तो आता ६,००० आरपीएमपर्यंत धरून ठेवला आहे. ७११ पीएस ६,५०० पासून मिळतात, म्हणजे तिथेही टॉर्क ७६८ च्या आसपास उरतो. सगळी वाढ आली ती शिखर उंच करून नव्हे, माथा रुंद करून. टर्बो गाड्यांत हे वारंवार दिसतं. खालच्या आरपीएमला टॉर्क आणखी वाढवायचा तर बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, वाढवा, झालं. पण तो भार गिअरबॉक्सने आणि क्लचने झेलायला हवा. वरच्या आरपीएमला टॉर्क टिकवणं हे टर्बोच्या आकाराचं आणि उष्णतेचं काम. म्हणून कुणी आकडा फेकला की मी विचारतो, हा टॉर्क कुठे आणि किती वेळ?

उष्णतेबद्दल दोन शब्द, कारण ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. रात्रपाळीला टेस्टच्या खोलीतले दिवे मालवून फुल लोडवर इंजिन चालू ठेवलं की काचेपलीकडे टर्बोचं एक्झॉस्टकडचं घर आधी निखाऱ्यासारखं लाल होतं, मग नारिंगी. शेजारच्या पाइपवर गुंडाळलेल्या पट्टीची वीणसुद्धा त्या उजेडात मोजता येते. नवीन आलेली पोरं मागे सरकतात. हा ताप आवरायची जुनी युक्ती म्हणजे गरजेपेक्षा जास्त पेट्रोल मारायचं. वाफ होताना ते उष्णता ओढून घेतं. युरोपच्या नव्या उत्सर्जन नियमांनी ही पळवाट बंद होत चालली आहे. म्हणूनच पोर्शने जीटीएसचं इंजिन ३.० वरून ३.६ लिटरचं केलं आणि टर्बोच्या दांड्यावर इलेक्ट्रिक मोटर बसवली. सगळ्या आरपीएमला हवा-पेट्रोलचं प्रमाण नेमकं ठेवून ताकद टिकवायची तर मोठं इंजिन लागतं. तेव्हा "फक्त सॉफ्टवेअर बदलून शंभर पीएस" असं कुणी सांगितलं, तर तो नियमांविषयी बोलत नाहीये एवढं समजा.

हवामानाची गंमतही लक्षात ठेवा. एका मे महिन्यात भर दुपारी घेतलेला आकडा तापमानाच्या दुरुस्तीचा गुणक न लावताच मी वर पाठवला आणि "इंजिन पडलं" म्हणून अख्खा विभाग हलवला. इंजिन ठणठणीत होतं, आत जाणारी हवा तापलेली होती. कुणी डायनोवरचा, म्हणजे पॉवर मोजायच्या यंत्रावरचा, फोटो पाठवला की मी आधी तापमान विचारतो.

आता भाच्याचे ८५० घेऊ. नुसता इतिहास बघितला तर तो अगदी येडा ठरत नाही. २०१० च्या जीटी२ आरएसला ६२० पीएस होते, तेव्हाच्या टर्बो एसला ५३०, फरक ९०. २०१७ च्या जीटी२ आरएसला ७००, टर्बो एसला ५८०, फरक १२०. ७११ मध्ये ते मिळवले की ८०१ ते ८३१. मोह होतोच.

पण १२० चा फरक आला कुठून? त्या ५८० पीएसच्या टर्बो एसचा सर्वोच्च टॉर्क ७५०, आणि ६,७५० आरपीएमला उरायचा साधारण ६०३. डब्याच्या तळाशी जवळजवळ दीडशे न्यूटन-मीटर शिल्लक पडले होते. जीटी२ आरएसने मोठे टर्बो लावले, टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरवर पाण्याचा फवारा मारला, आणि सर्वोच्च टॉर्क तोच ७५० ठेवून ७,००० आरपीएमला ७०२ टिकवला. शिल्लक वापरली, बाकी काही नाही. आजच्या टर्बो एसमध्ये शिल्लक उरली आहे ८०० वजा ७६८, म्हणजे ३२. टर्बो एसने डबा आधीच पुसून खाल्ला आहे.

८५० हवे असतील तर ७,००० आरपीएमला ८५३ टॉर्क लागेल, नाहीतर ८०० टॉर्क ७,५०० पर्यंत खेचावा लागेल. पहिल्याला गिअरबॉक्स मजबूत करा, म्हणजे वजन वाढवा. आणि नवी टर्बो एस हायब्रिडमुळे आधीच ८५ किलोने जड झाली आहे. जीटी गाड्या बनवणारा विभाग किलोकिलोसाठी रडणारा. दुसरं शक्य आहे, पण टर्बोला वर तेवढी हवा पुरवायची म्हटलं की खाली सुस्ती येते. ती इलेक्ट्रिक मोटरने भरून काढावी लागेल. माझा आकडा ७८०. ७,००० आरपीएमला त्याला ७८३ टॉर्क लागतो. गाडी आलीच तर.

हे सगळं मी भाच्याला बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर काढून दाखवलं. तो म्हणाला, "मामा, पोर्शवाल्यांना तुमचं बिल दिसत नाही ना." पैज मिसळीची लागली आहे. कागद फ्रिजवर चिकटवलाय: मामा ७८०, भाचा ८५०. काल पाणी प्यायला गेलो तर त्याने आपल्या आकड्यापुढे बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं: पीएस, जर्मनीतला, इंजिन आणि मोटर मिळून.