बाळासोबत लांबचा गाडीप्रवास: रडू थांबवण्याच्या नादात या चुका टाळा

आमची मुलगी सात महिन्यांची असताना आम्ही तिला घेऊन पहिल्यांदा लांब निघालो. नऊ तासांचा रस्ता होता. सुरुवातीलाच ती गाढ झोपली आणि आम्ही ठरवलं, पोर झोपलीय तोवर जमेल तेवढं अंतर काटून घेऊ. थांबायचं ठरवलेलं ठिकाण मागे पडलं, त्याच्या पुढचंही पडलं. मग ती उठली, आणि पुढची चाळीस मिनिटं तिने जो आकांत मांडला तो अजून कानात आहे. खुळखुळा झाला, गाणी झाली, टाळ्या झाल्या. शेवटी गाडी बाजूला घेऊन पट्टे सोडले. डावा गाल उन्हाने लालबुंद झाला होता, झबलं घामाने पाठीला चिकटलं होतं आणि डायपर इतकं जड झालं होतं की मांडीच्या घडीत त्याच्या कडेचा वळ उठला होता. पुढे बसलेल्या आम्हा दोघांना मात्र एसीचा छान गारवा लागत होता.

त्यानंतर तिच्यासोबत बरेच प्रवास झाले. बाळ गाडीत रडतं तेव्हा आपण ते रडू कसं थांबवायचं याच्या मागे लागतो, पण चूक बहुतेक वेळा त्याच्या अर्धा-पाऊण तास आधीच झालेली असते.

‘झोपलंय ना, मग थांबायचं कशाला?’

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच, आणि ती नुसती किरकिरीपुरती नाही. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं, मान अजून कच्ची असते. कार सीटमध्ये, म्हणजे गाडीच्या सीटवर बांधायच्या बाळाच्या वेगळ्या पट्टेवाल्या सीटमध्ये, ते अर्धवट बसलेलं असतं. झोपेत डोकं पुढे कलून हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट अरुंद होते. म्हणून दर २ तासांनी बाळाला सीटबाहेर काढायचं, ते झोपलेलं असलं तरी. पहिल्या काही आठवड्यांतलं बाळ असेल तर एका दमात अर्ध्या तासापेक्षा जास्त सीटमध्ये ठेवू नये, म्हणजे लांबचा प्रवास शक्यतो टाळावाच. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाबद्दल डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका.

थांबलो म्हणजे काय करायचं, हेही महत्त्वाचं. बाळाला एका हातातून दुसऱ्या हातात देत आपण चहा प्यायलो तर ती विश्रांती आपली झाली. त्याला सपाट जागी दुपट्यावर ठेवा, डायपर सोडून दोन मिनिटं मोकळं राहू द्या, पाय झाडू द्या, पोटावर पालथं पडू द्या. रांगणारं बाळ असेल तर रांगू द्या. वीस-पंचवीस मिनिटं नीट दिली की पुढचा टप्पा शांतपणे निघतो. हे सगळं धरून हिशोब करायचा तर नकाशावरचे सहा तास प्रत्यक्षात आठ-नऊ होतात. तसंच धरून निघा. पोहोचायची वेळ कोणाला कळवून ठेवली की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर दाबला जातो, म्हणून आम्ही आता वेळ सांगतच नाही, “संध्याकाळपर्यंत येतो” एवढंच कळवतो.

रात्रभर गाडी चालवायची, म्हणजे बाळ झोपून राहील, असं बरेच जण सुचवतात. मला ते पटत नाही. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत चालवणाऱ्याच्याच डोळ्यांवर झापड येते, आणि अंधारात मागे बाळाची मान कशी पडलीय हे दिसत नाही. बाळाच्या सकाळच्या पहिल्या झोपेच्या वेळेला निघणं सगळ्यात सोयीचं. दूध पाजून, ढेकर काढून, थोडा वेळ उभं धरून मग सीटमध्ये ठेवायचं.

चालत्या गाडीत मांडीवर घेणं

बाळ रडायला लागलं की मागून आजीचा जीव तुटतो. “घे गं तिला जरा, किती रडतेय पोर!” या वाक्यामागची माया खरी असते, म्हणूनच ते टाळणं अवघड जातं. पण इथे तडजोड नाही. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी कशावर तरी आदळली, तर ७ किलोंचं बाळ त्या क्षणी शंभर किलोंहून जास्त ओढीने हातातून सुटतं. एवढं वजन झटक्यात पेलणारे हात कोणाचेच नसतात. आपला पट्टा दोघांभोवती घेतला तर आणखी वाईट, कारण आपलं वजन बाळावर येतं.

बाळाची सीट मागे तोंड करून का लावतात, हे आजी-आजोबांना निघायच्या आधीच, घरी निवांत समजावून सांगावं. समोरून धडक बसली की अशा सीटमध्ये सगळा धक्का पाठ, डोकं आणि मान यांवर पसरतो, एकट्या मानेला झटका बसत नाही. आमच्या घरी हे एकदा सांगितल्यावर पुन्हा वाद झाला नाही. पुढच्या सीटसमोर चालू एअरबॅग असेल तर मागे तोंड केलेली सीट तिथे कधीही लावू नये, कारण उघडणारी एअरबॅग थेट सीटच्या पाठीवर, बाळाच्या डोक्यापाशीच आदळते.

मग रडू अनावर झालं तर? सुरक्षित जागा पाहून थांबायचं. पाच मिनिटं रडलं तर चालेल, पण दोन वाहनांच्या मध्ये घाईघाईने गाडी वळवू नका.

पट्ट्यांची चूकही याच्याच जोडीची. बाळाला काचेल म्हणून आपण ते सैल ठेवतो. खांद्यापाशी पट्ट्याची चिमूट घेऊन पाहा: पट्टा चिमटीत आला तर तो सैल आहे. मागे तोंड केलेल्या सीटचे पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यायला हवेत. जाड स्वेटर, जाकीट घालून पट्टे लावले तर धडकेत ते कपडे दबतात आणि आत जागा सुटते. पातळ कपड्यावर पट्टे लावून वरून दुलई पांघरा. सीटसोबत न आलेली उशी, मानेखालची गुंडाळी, पट्ट्यांचे मऊ खोळ वापरू नका. हनुवटी सतत छातीला टेकत असेल तर सीटचा कल चुकलाय. सीटच्या बाजूला खूण असते, त्याप्रमाणे तो बसवून घ्या.

ऊन आपल्या पाठीशी असतं, तेव्हा ते बाळाच्या डोळ्यांत असतं

हे मला त्या लाल गालाने शिकवलं. बाळाचं तोंड मागे असतं, त्यामुळे चालवणाऱ्याला ऊन लागत नाही तेव्हाच मागच्या काचेतून ते थेट बाळाच्या तोंडावर येतं. रस्ता वळला की उन्हाची बाजूही बदलते. म्हणून पडदे दोन्ही बाजूंच्या काचांना लावा, मागच्या काचेतून चालवणाऱ्याला दिसत राहील याची मात्र काळजी घ्या. सीटवरच ओढणी किंवा दुपटं टाकून आडोसा करणं घातक आहे: आतली हवा खेळत नाही, ऊब साठत जाते आणि बाळाचा चेहरा दिसत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाचं क्रीम फासण्यापेक्षा सावलीतच ठेवा.

बाळाला गरम होतंय का गार वाजतंय, हे हातापायांवरून ठरवू नका. बाळाचे तळवे तसेही गारच लागतात. मानेच्या मागे दोन बोटं घालून पाहा. तिथे घाम असेल तर एक कपडा कमी करा. थांबून पुन्हा निघताना पट्ट्याच्या बकलचा धातू आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. उन्हात उभ्या गाडीत तो इतका तापतो की कोवळ्या मांडीला चटका बसतो.

आणि उभ्या गाडीत बाळाला एकटं ठेवायचं नाही, एका मिनिटासाठीसुद्धा. उन्हात बंद गाडीतलं तापमान १० मिनिटांत साधारण १० अंशांनी चढतं, काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही, आणि लहान मुलाचं शरीर मोठ्यांच्या ३ ते ५ पट वेगाने तापतं. थकव्यात माणूस विसरतो, त्यात प्रेम कमी-जास्त असण्याचा प्रश्न नसतो. फोन किंवा पाकीट बाळाच्या शेजारी ठेवायची सवय लावा, म्हणजे उतरताना मागचं दार उघडावंच लागेल.

खाणंपिणं

चालत्या गाडीत बाटली तोंडाला लावून देऊ नका. अर्धवट आडव्या अवस्थेत, गचके बसत असताना दूध घशात अडकू शकतं आणि पुढे बसलेल्याला ते कळतही नाही. थांबूनच पाजा. काढलेलं आईचं दूध २५ अंशांपर्यंतच्या हवेत ४ तास टिकतं, बर्फाच्या पिशव्यांसह चांगल्या थंड पेटीत २४ तास. पावडरचं दूध तयार केलं की २ तासांत, आणि बाळाने तोंड लावलं की तासाभरात संपवायचं, उरलेलं टाकून द्यायचं. म्हणून ते कालवून नेऊ नका, पावडर आणि थर्मासमधलं उकळलेलं पाणी वेगवेगळं न्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला गरम होतंय म्हणून पाणी पाजू नका, दूधच जास्त वेळा द्या. नवा पदार्थ पहिल्यांदा द्यायचा तर तो प्रवासात नकोच.

बाळाने उलटी केली की ‘गाडी लागली’ असं आपण म्हणून टाकतो. गाडी लागण्याचा त्रास साधारण दोन वर्षांनंतर दिसू लागतो. तान्ह्या बाळाच्या बाबतीत भरल्या पोटी पोट दुमडून बसवणं हेच बहुतेक वेळा कारण असतं. पाजल्यावर वीस मिनिटं उभं धरा, मग निघा.

झोप यावी म्हणून सर्दीचं किंवा उलटीचं औषध पाजायचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. अशा औषधांनी श्वास मंदावू शकतो, आणि काही बाळं उलट तासन्‌तास चवताळलेली राहतात.

रडायला लागलंच, तर शोधायचं काय?

शक्य असेल तर एका मोठ्या माणसाने मागे, बाळाशेजारीच बसावं. कुठल्याही खेळण्यापेक्षा ओळखीचा चेहरा जास्त काम करतो. खेळणी मऊच ठेवा, कारण कडक वस्तू करकचून ब्रेक लागल्यावर उडून लागते. ती एकदम सगळी काढू नका. एक द्या, कंटाळा आला की ते लपवून दुसरं.

एवढं करूनही रडू थांबलं नाही की गाडी थांबवून बाळाला बाहेर घ्या आणि कपडे सोडून पाहा. डायपर, मानेमागचा घाम, काखेत-जांघेत पट्ट्याचा वळ, पाठीखाली गेलेलं खेळणं. मग मोजे काढा आणि प्रत्येक बोट वेगळं करून बघा. आईचा गळलेला केस किंवा मोज्याचा सुटलेला दोरा बोटाभोवती गुंडाळला जातो, रक्त अडतं, बोट सुजून लाल होतं आणि बाळ काही केल्या शांत होत नाही. केस सहज निघाला नाही किंवा बोट सुजलेलंच राहिलं तर थेट डॉक्टर गाठा. घाटात चढ-उतार करताना एकाएकी रडू फुटलं तर कानांना दडे बसले असतील. थांबून दूध पाजा किंवा चोखणी द्या, गिळण्याने कान मोकळे होतात.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, सहा-आठ तास कोरडं डायपर, ओठ निळसर पडणं, हाक मारली तरी मलूल पडून राहणं, यांपैकी काहीही दिसलं तर मुक्काम विसरा आणि जवळचा दवाखाना शोधा.

पोहोचल्यावर

शेवटच्या टप्प्यात बाळ हमखास झोपतं, आणि ‘उठवू नका’ म्हणत सीटसकट घरात आणून कोपऱ्यात ठेवलं जातं. मानेचा धोका गाडी थांबल्याने संपत नाही. पट्टे सोडा, उचला, सपाट अंथरुणावर पाठीवर निजवा. उठलं तर उठलं, पुन्हा झोपेल. नातेवाईक घ्यायला हात पुढे करतील, त्यांना तासभर धीर धरायला सांगा. दिवसभर बांधून बसलेल्या बाळाला आधी अंग मोकळं करू द्या.

परतीचा रस्ता तेवढाच लांब आहे. त्याच रात्री डायपर मोजा, ओले कपडे वाळत टाका आणि थंड पेटीतल्या बर्फाच्या पिशव्या फ्रीजरमध्ये ठेवा.